किरणच्या हातची पाकिटं

फैजपूर,
११ जानेवारी २०२५

भाऊ,

तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवरही मला ब्लॉक केलंयस. म्हणून हे पत्र. पोस्टमनला अजून कुणाला ब्लॉक करता येत नाही.

तुझ्या हर्षालीच्या लग्नाच्या पत्रिका सोमवारी पोचल्या. वर तुझी चिठ्ठी, 'भावकीत वाटून दे.' काम असलं की बहीण आठवते, चालायचंच. मला अंगणवाडीत जायचं होतं, मी गठ्ठा उघडूनही बघितला नाही. आपल्या किरणचं अक्षर अजून शाळेतल्यासारखंच सुरेख आहे. गल्लीतल्या प्रत्येक लग्नाची पाकिटं तोच लिहितो, आणि वर्षातून तेवढं एकच काम आपणहून करतो. मी त्याला नावांची यादी दिली, पेन दिला आणि गेले. आधी वाचायला हवं होतं. ही चूक माझी.

दुपारी घरी आले तर त्रेचाळीस पाकिटं लिहून तयार होती. प्रत्येकाच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं. सात कोऱ्या पत्रिका उरल्या होत्या, त्या वेगळ्या ठेवलेल्या. त्यातली एक त्यानं माझ्यासाठी उघडी ठेवली होती. वरती कृपाशीर्वादाच्या ओळीत कै. गिरधर, कै. सुनंदाबाई, आणि आपल्या माय-नानांच्या शेजारी कै. किरण.

ते वाचून झाल्यावरही त्यानं त्रेचाळीस नावं लिहिली, भाऊ. एकाही अक्षराला हात हलला नाही.

संध्याकाळी गोळ्या दिल्या तर घेतल्या नाहीत. "मेलेल्या माणसाला गोळ्या कशाला, अक्का?" असं म्हणाला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. आज सहावा दिवस आहे.

गोळ्या बंद झाल्या की काय होतं, हे तुला सांगावं लागेल, कारण बावीस वर्षांत तू दवाखान्यात तीनदा आलास. २०११ साली नानांनी कुणा भगताचं ऐकून गोळ्या थांबवल्या होत्या. महिन्याभरात किरण घरातून गेला आणि नवव्या दिवशी चाळीसगावच्या स्टेशनवर सापडला. तळपाय सोललेले होते आणि मला ओळखत नव्हता. तेव्हा तुला सुट्टी नव्हती.

आता एकच मागते. गुरुवारी, सोळा तारखेला, जळगावला त्याची ओपीडी आहे. ये. डॉक्टरांसमोर त्याच्या तोंडावर सांग, की तू जिवंत आहेस आणि मी खोटं छापलं. 'किरण वारला' असं ऐकू येतं म्हणून तो वर्षानुवर्षं सांगतो, आणि मी वर्षानुवर्षं त्याला समजावते की असं कुणी म्हणत नाही बाबा, तो आजार बोलतो. तू ते सोनेरी शाईत छापून घरपोच केलंस. असलं सुचतं तरी कसं तुला?

नूतन


फैजपूर,
१७ जानेवारी २०२५

भाऊ,

आला नाहीस. दहा ते एक मी ओपीडीच्या बाकावर दाराकडे बघत बसले होते. किरण एकदाही बघत नव्हता. तुला तो माझ्यापेक्षा चांगला ओळखतो.

वहिनीचा फोन आला होता, तोही शेजारच्या बेबाबाईच्या मोबाईलवर. प्रेसवाल्याची चूक झाली म्हणे. प्रेसवाला तारीख चुकवतो, वार चुकवतो. आपल्या मनानं माणूस मारत नाही. वहिनीला सांग, खोटं बोलायचं तर जरा अंगाला बसेल असं बोलावं.

जुने डॉक्टर निवृत्त झाले. आता नवीन डॉक्टरीणबाई आल्यात, हर्षालीपेक्षा पाचसहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी किरणचे पहिल्यापासूनचे केसपेपर टेबलावर मांडले होते. म्हणाल्या, जे पेशंट घरीच राहून वर्षानुवर्षं औषध नेतात, त्यांची लक्षणं कशी बदलत जातात ते मी बघतेय, तुम्ही दर वेळी सोबत असता, तुम्हीच सांगा. मी सांगत गेले आणि त्या कागदाशी ताडून बघत गेल्या. तुलाही सांगते, तुझाही सख्खा भाऊ आहे तो, निदान तुझी पत्रिका सोडून बाकी जगात.

पहिली दोन वर्षं टीव्हीतला माणूस त्याच्याबद्दल बोलायचा, यावलच्या बसचा कंडक्टर त्याच्या मागावर असायचा, आपल्या माठात विष असायचं. हे तू पाहिलंस. मग दोन माणसं डोक्यात भांडायला लागली, एक शिव्या द्यायचा आणि दुसरा हसायचा. तेव्हा किरण दिवसभर ओरडायचा आणि गल्लीतली पोरं दाराशी जमायची. मग ते दोघं हळूहळू लांब गेले. आधी मागच्या खोलीत बोलायचे, मग बाजूच्या गल्लीत, मग कधीमधी. माय गेली तेव्हा वर्षभर तो मायशी बोलायचा, मग तेही थांबलं. संशय सुटला, आरडाओरडा सुटला, आणि त्याच्यासोबत बाकी सगळंही सुटलं. आता तो खाटेवर बसतो. आंघोळीला उठवायला मला तासभर लागतो. हसत नाही, चिडत नाही, काही मागत नाही. बेबाबाई म्हणते, "बरा झाला ना व तुझा भाऊ, कसा गुपचूप बसू राह्यला." लोकांना त्रास नाही म्हणजे माणूस बरा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुष्कळांचं असंच होतं, वादळ ओसरतं आणि मागे हे उरतं, आणि याच्यासाठी आमच्याकडे औषध थोडं आहे.

शिकरणाचंही सांगितलं मी त्यांना. सुरुवातीला तो गोळ्या घ्यायचा नाही म्हणून मी पूड करून शिकरणात घालायचे. त्याला कळलं. तेव्हापासून त्यानं केळं खाल्लं नाही. बांधाला बांध लागून केळीची शेतं, आणि आपल्या घरात केळं येत नाही.

मग बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. २००३ च्या उन्हाळ्यातल्या कागदावर लिहिलेलं, की 'किरण वारला' असं ऐकू येतं. मग २०१० च्या कागदावर तेच, २०१६ च्या कागदावर तेच, गेल्या पावसाळ्यातही तेच. त्या म्हणाल्या, "ताई, बाकी सगळं बदललं. हेच एक वाक्य शब्दसुद्धा न बदलता बावीस वर्षं कसं राहिलं?"

मी म्हणाले, काय माहीत.

गोळ्यांना तो अजून नाहीच म्हणतो. इंजेक्शनलाही नाही म्हणाला. बाई म्हणाल्या दोन आठवडे बघू, जबरदस्ती केली तर तो यायचाच बंद होईल. म्हणजे तीस तारीख. ये.

नूतन


फैजपूर,
२५ जानेवारी २०२५

भाऊ,

पत्र पोचल्याची पोच आली. सही तुझीच आहे, वळण नानांसारखं.

विसावा दिवस. किरण झोपत नाही. टीव्हीवर त्यानं टॉवेल टाकलाय. नळाचं पाणी आधी मला प्यायला लावतो आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतो. ते दोघं परत आलेत, अजून बाजूच्या गल्लीत आहेत असं म्हणतो. मी दाराला कुलूप घालून अंगणवाडीत जाते आणि तिथं पोरांना गाणी शिकवते. मला भीती वाटते, भाऊ. नवव्या दिवशी सापडेलच असं दर वेळी होत नाही.

असलं सुचतं कसं, असं मी पहिल्या पत्रात विचारलं. उगाच विचारलं. मला माहीत आहे तुला कुठून सुचलं ते.

२००३ चा मे. भडगावचे पाहुणे मला बघायला आले होते. किरणचं कॉलेज सुटून सहा महिने झाले होते, आणि त्याला मागच्या खोलीत घालून आपण कडी लावली होती. तो आत पुटपुटत होता, मायनं पंखा मोठा केला. मुलाच्या आईनं, लताबाईंनी, पोहे खाता खाता विचारलं, भाऊ किती. नाना म्हणाले, दोन होते, एक वारला. तू सुपारी कातरत होतास. मान वर केली नाहीस.

तो आवाज आजाराचा नव्हता, भाऊ. आपल्या ओसरीवरचा होता. पुढच्या आठवड्यात माय त्याला दवाखान्यात घेऊन गेली आणि डॉक्टरांना म्हणाली, आता तर 'किरण वारला' असं ऐकू येतं म्हणतो. डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी शेजारी बसले होते.

लग्नात तो नव्हता, त्याला तेव्हा दवाखान्यात ठेवलं होतं. पुढच्या वर्षी भाऊबीजेला तो एकटा एसटीनं भडगावला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा. तू आला नव्हतास त्या भाऊबीजेला. सासू दारात गेली आणि तिनं मला विचारलं, "हाऊ कोन शे?" त्यानंच सांगितलं. म्हणाला, "मी नूतनचा भाऊ. वारलेला."

आठव्या दिवशी मी ट्रंक घेऊन फैजपूरला परत आले. "यासनं बठ्ठं घर खोटं शे," असं सासू गल्लीभर सांगत होती, सगळं घरच खोटं, आणि त्यात काही चूक नव्हतं. मी मात्र पुढची कितीतरी वर्षं किरणला तळतळाट दिला. संसाराची राख केलीस म्हणून तोंडावर बोलले त्याला. तो ऐकून घ्यायचा.

नाना गेले, त्यांना आता बोलावता येत नाही. तू आहेस. तीस तारखेला ये आणि त्याला सांग की तू ऐकलंस ते खरंच बोललं गेलं होतं. नाहीतर तो या गोळ्यांवर, डॉक्टरांवर, माझ्यावर विश्वास का ठेवेल?

नूतन


फैजपूर,
३१ जानेवारी २०२५

भाऊ,

तुझा निरोप मिळाला, पुन्हा बेबाबाईच्याच मोबाईलवर. 'लग्न होऊन जाऊ दे, मग येतो. तिकडच्यांना कळलं तर हर्षालीचं तुझ्यासारखं होईल.' बेबाबाईनं मला तो मोठ्यानं वाचून दाखवला, 'तुझ्यासारखं'वर जरा अडखळली. मला ते लागलं. आणि खरं सांगते, मला तुझी भीती कळलीसुद्धा. म्हणूनच तुझा जास्त राग आला.

आता तूही एक ऐक. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलंय, आणि तुला ते वाचल्याबरोबर कळलं असणार. नानांनी नाही म्हटलं ते. लताबाईंनी विचारलं तेव्हा नाना खाली बघत राहिले. आणि मला ते स्थळ हवं होतं. मुलगा मास्तर होता, दिसायला चांगला होता, आणि मला त्या घरातून, त्या पुटपुटण्यातून बाहेर पडायचं होतं. मी पोह्यांचा ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "दोघं होते. किरण वारला."

आतलं पुटपुटणं तिथल्या तिथं थांबलं होतं. मी ते ऐकलं. पंखा चालू असूनही ऐकलं.

मेलेल्या बापाच्या नावावर ढकलायला मला तुला लिहितानाही लाज वाटली नाही. तू पत्रिकेत जे केलंस ते माझंच शिकून केलंस. तुला नावं ठेवायला मी किती सोवळी आहे ते आता तुलाही माहीत आणि मलाही.

काल ओपीडीत तू नव्हतास. किरणची दाढी वाढलेली, डोळे लाल. तो खुर्चीवर नीट बसत नव्हता, दर मिनिटाला मागे वळून बघत होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ते वाक्य अजून ऐकू येतं का. तो म्हणाला, आता छापून येतं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग मी सांगितलं. त्यांच्याकडे बघून नाही, त्याच्याकडे बघून. पोहे, पंखा, लताबाई, सगळं. ते मी बोलले होते, किरण. आजार नव्हता तो. बावीस वर्षं मी गप्प बसले. एवढं बोलायला मला किती वेळ लागला कोण जाणे, बाहेरचा शिपाई दोनदा डोकावून गेला.

किरण पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "ते माहीत होतं, अक्का. बाकीचे कोण बोलतात ते मला कधी कळलं नाही. तुझा आवाज मला ओळखू येणार नाही का?"

मी म्हटलं, मग दर वेळी डॉक्टरांना का सांगायचास? तर म्हणाला, ऐकलं तेच सांगत होतो. ते म्हणाले आजार आहे. तू शेजारी बसली होतीस, तू नाही म्हणाली नाहीस. मला वाटलं, तो आजार असलेला तुला हवाय.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला होता. मग त्यांनी त्याला सरळ सांगितलं, की ते एक वाक्य मी लक्षणांतून काढून टाकते, तिथं तुमचं बरोबर होतं. पण बाजूच्या गल्लीतली दोन माणसं आजाराची आहेत, आणि त्यांच्यासाठी गोळी लागेल.

त्यानं मान माझ्याकडे वळवली. मला विचारलं, "ते दोघं खरे नाहीत ना? त्यात तू नाहीस ना?"

"नाही," मी म्हणाले.

"मग दे."

पंचविसाव्या दिवशी गोळी घेतली त्यानं. माझ्या हातातून. मी दवाखान्यातल्या नळापाशी जाऊन तोंड धुतलं आणि बराच वेळ धूतच राहिले.

नूतन


फैजपूर,
९ फेब्रुवारी २०२५

भाऊ,

तुझं काम झालं. त्रेचाळीस पत्रिका वाटल्या.

मी त्या बंबात घालणार होते. सरपणाशेजारी काढूनही ठेवल्या होत्या. किरण म्हणाला, नावं मी लिहिलीत, मी देतो. मी नको म्हटलं, दोनदा म्हटलं. शुक्रवारी सकाळी उठून बघते तर त्यानं आपणहून आंघोळ केली होती आणि पांढरा शर्ट घालून पिशवी घेऊन दारात उभा होता. मीही सोबत निघाले. दवाखाना सोडला तर दिवाळीनंतर पहिल्यांदा तो घराबाहेर पडला तो तुझ्या पत्रिका वाटायला.

तुला आपली पद्धत माहीत आहे. पत्रिका उंबऱ्यावरून देऊन निघता येत नाही. घरात बसावं लागतं, पाणी घ्यावं लागतं, आणि घरातलं मोठं माणूस पत्रिका उघडून मोठ्यानं वाचतं. किरण प्रत्येक घरी बसला. दोन्ही हातांनी पत्रिका दिली आणि प्रत्येक घरी तेवढंच बोलला, "हर्षालीचं लग्न आहे, धुळ्याला. या." हिलालकाकांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. कै. गिरधर, कै. सुनंदाबाई, आणि तिथं थांबले. समोर किरण पाणी पीत होता. काकांनी पत्रिका घडी करून ठेवली. मग म्हणाले, "बरा हाये ना रे किरण?"

"हो," किरण म्हणाला. "गोळ्या चालू आहेत."

बेबाबाईला रडू आलं, मग राग आला, मग तिनं नातवाच्या दप्तरातून पेन आणला आणि ती ओळ खोडायला निघाली. किरण म्हणाला, राहू द्या काकू, छापलेलं आहे. पंधरा घरं झाली की तो पिशवी माझ्या हातात द्यायचा, मग आम्ही घरी यायचो. असं तीन दिवस चाललं. मी एका शब्दानं कुठं काही बोलले नाही, तुझी शपथ. बोलायला ठेवलंच काय होतंस तू.

भावकीच्या दोन गाड्या ठरल्यात. सगळे येणार म्हणताहेत, न येणारेसुद्धा. कुणी मांडवात तोंड उघडेल, कुणी नाही उघडणार, मी कुणाकुणाचं तोंड धरू? हर्षालीचं मोडावं असं मला वाटत नाही. ती ट्रंक तिच्या हातात यावी असं मला स्वप्नातही वाटत नाही. पण तिला आणि त्या मुलाला समोर बसवून तूच सांग, गाड्या पोचायच्या आत. तुझ्याकडे सात दिवस आहेत. माझ्याकडे बावीस वर्षं होती, मी ती कशी घालवली ते तुला लिहिलंच आहे.

मी येणार नाही. किरणला विचारलं, त्यानंही नाही म्हणून मान हलवली. ते दोघं अजून आहेत, पण लांब आहेत म्हणतो. झोपतोय. टीव्हीवरचा टॉवेल काल मी काढला तर काही बोलला नाही. काल मी त्याच्यासमोर शिकरण ठेवलं. त्यानं वाटी माझ्याकडे सरकवली. सगळंच काही एका गुरुवारात सुटत नाही.

सात पत्रिका उरल्या होत्या, मी लिहिलं होतं ना. आज दुपारी त्यानं त्यातली एक घेतली, कोपऱ्याला कुंकू लावलं आणि पाकिटावर तुझं नाव घातलं. ती सोबत पाठवते. अक्षर ओळखशील.

नूतन